कुपवाडच्या काचपेटीतली बार्नॅकलची पोरं

प्रिय दाजी,

एक सूक्ष्मदर्शक : नळी माझ्या लेथवर काढलेली, भिंगं मोडक्या कॅमेऱ्यातली. एक काचपेटी, सांधे स्वतः भरलेले, आजतागायत थेंब गळालेला नाही. पाणी हलवायचं एक वल्हं, जुन्या जीपच्या वायपरच्या मोटरवर चालणारं, इतकं सावकाश की शेजारी तान्हं निजलं असलं तरी दचकू नये. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं मिळते त्या बारीक जाळीच्या चाळण्या. पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळी, बुडाशी छर्रे भरलेले, खुणा मी कोरलेल्या. आणि एक पितळी तोटी, जिचं नाव तुम्ही हसल्याशिवाय कधी घेतलं नाहीत.

एवढं सगळं या दोन हातांनी केलं. कुठल्या कॉलेजात गेलो नाही, कुणी पाटी पुढं सरकवून शिकवलं नाही. बघितलं, उघडलं, बिघडवलं, परत जोडलं. हे तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. सांगायला मला आवडतं, हेही तुम्हाला माहीत आहे!

आणि आज, दाजी, या हातांना काही कामच नाही. म्हणून पत्र लिहायला बसलोय.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब धरला आणि बघितलं, तर आपल्या पोरांनी शेवटची कात टाकलेली. पोहणारी, शिंगं असलेली ती पिल्लं आता राहिली नाहीत. त्यांच्या जागी दोन झडपांचे चिमुकले दाणे झालेत. अक्का म्हणते, जवसाचं बी कुणीतरी फार लांबून बघावं तसे दिसतात. पुस्तकात यांना सायप्रिड म्हणतात. अक्का दाणेच म्हणते.

आता जे करायचं ते त्यांनीच करायचं. या वयात त्यांना खाता येत नाही. अंगात साठवलेल्या तेलाच्या थेंबांवर जगायचं आणि ते संपायच्या आत बसायला जागा शोधायची. जागा पसंत पडली तर डोकं टेकवून जन्मभरासाठी चिकटायचं. नाही पडली तर सगळं संपलं. मी भरवून उपयोग नाही, ढकलून उपयोग नाही. मी फक्त बघायचं.

तुम्हाला शब्द दिलाय ना! घाट उतरून जो समुद्र लागतो त्यातलं, खडकांना आणि जहाजांना चिकटणारं, एक तरी बार्नॅकल कुपवाडच्या या पत्र्याच्या शेडमध्ये बसवून दाखवीन, म्हणून. दोनदा हरलो. ही तिसरी खेप. पेटी माझ्या डाव्या हाताला आहे आणि दर दोन ओळींनंतर मान तिकडं वळतेय. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या.

कशावरनं सुरू झालं हे सगळं, आठवतंय?

मेढ्याला तुमच्या सोप्यात आपण दुपारचे लवंडलो होतो. गावातली झाडून सगळी पोरं फौजेत, आणि तुम्ही एकटे नेव्हीत, हा तुमचा आवडता विषय. त्यात ड्राय डॉकची गोष्ट यायचीच. खालचं पाणी काढून घेतलेलं जहाज, त्याच्या बुडाला हाताएवढ्या थरानं चिकटलेली बार्नॅकलं, तो कुजका वास, ती खरवडणी आणि पोत्यांनी निघालेला पांढरा चुरा. तुम्ही म्हणालात, "शिंपल्याचीच जात ती. पण नालायक जात."

आणि मला गप्प बसवलं नाही. "आवं दाजी, शिंपल्याची न्हाईत ती. खेकड्याच्या भावकीतली हायत."

"कुणी सांगितलं?"

"वाचलंय मी."

"वाचलंय म्हणं! आरं, माझ्या बोटांची सालं गेली त्यांच्यापायी. जहाजाच्या बुडाखाली उताणं पडून निम्मी नोकरी काढली मी. आन् ह्यो कुपवाडचा फिटर मला शिकवायला आलाय!"

"फिटर न्हाई. टर्नर."

"एकच की रं ते!"

एकच? दाजी, किती वेळा सांगितलं असेल तुम्हाला! तिकडं गेल्यावर तरी कुणाला विचारून घ्या. फिटर जोडतो, टर्नर घडवतो.

तेवढ्यात अक्का आतून ओरडली, "दोघं बी गप पडा! न्हायतर उलथनं घिऊन येती आन् दोघांना बी खरवडती!"

आपण हसलो. मग तुम्ही वर आढ्याकडं बघत राहिलात आणि निराळ्याच आवाजात म्हणालात, "एक सांगू का, सदा? एवढी खरवडली, शिव्या घातल्या. पण ती ल्हानपणी कशी असत्यात, हितनं तितं जात्यात कशी, बसत्यात कशी, ते काय कवा बघाय मिळालं न्हाई. एकदा बघायचं हुतं."

तुम्ही मागितलंत असं पहिल्यांदाच, दाजी. अक्काला मागणी घालायला आलात तेव्हासुद्धा तुमचे वडीलच बोलले होते. तुम्ही लाडू खात होतात. मग मी काय करणार? "दाखवतो," म्हणालो. "नुसती पिल्लं न्हाई, ती बसल्याली दाखवतो. माझ्या शेडात." तुम्ही उठून बसलात. "चिकटवून दाखव. मग तुला इंजिनेर म्हनतो." मी म्हणालो, टर्नर म्हणा, तेवढं पुरे.

आंबा घाट उतरून आपण गेलो तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा दिवस होता, हे तुम्हाला बोललो नाही कधी. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून असे चालत होतात, जसं कुणी आपल्या शेताच्या बांधावरनं चालतं. मी मागनं घसरत, धडपडत. बार्नॅकलं बसलेले सुटे धोंडे तुम्ही हेरून हेरून उचलत होतात. मी एक उचलायला गेलो आणि तळवा कापून घेतला. "धारंवर हात फिरवू नगंस, वरनं धर! टर्नर हायस न्हवं?" म्हणालात. टर्नर म्हणालात, हे माझ्या लक्षात आहे!

येताना एसटीत ते ओलं पोतं आपल्या सीटखाली. घाट चढेपर्यंत सगळ्या गाडीला वास गेला. कंडक्टर नाकाला रुमाल लावून आला.

"काय मासळी हाय का काय?"

"न्हाई," तुम्ही म्हणालात. "पाव्हणं हायत."

"मग पाव्हण्यांचं तिकीट?"

"पाच वर्साच्या आतली हायत समदी."

तो कंडक्टर सांगलीपर्यंत स्वतःशीच हसत होता.

धोंडे रात्रभर कोरडे ठेवले आणि सकाळी कॅनमधनं आणलेल्या समुद्राच्या पाण्यात बुडवले. पाण्याला तोंड लागलं की आतली वाढलेली पिल्लं बार्नॅकल सोडून देतं, असं मी वाचलं होतं. पेटीच्या एका कोपऱ्याला दिवा लावला. चहा होईतो काही नाही. मग त्या कोपऱ्यात, उजेडाशी, धूळ जमल्यासारखं दिसायला लागलं. धूळ, पण नाचणारी!

खंडेनवमी होती त्या दिवशी. लेथला, ड्रिलला, सगळ्या हत्यारांना हार घातले होते. अक्का ताट घेऊन फिरत होती आणि मी पाण्याच्या नादात असताना तिनं सूक्ष्मदर्शकालाही हळद-कुंकू लावलं. कुठं? नेमकं भिंगावर! तुम्ही डोळा लावलात आणि ओरडलात, "सदा, आत आग लागली! समदं लालभडक दिसतंय!" मी ते भिंग पुसून काढेपर्यंत अक्का म्हणत होती, "मग? दुर्बिनीला काय पुजायचं न्हाई व्हय?"

पुसल्यावर तुम्ही परत डोळा लावलात.  

"ह्याच्यायला," एवढंच म्हणालात. मग हळूच, "सदा, ह्याला शिंगं हायत रं!"

होती. तिकोनी ढालीसारखं अंग, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन शिंगं, मधोमध एकच काळा डोळा आणि पायांच्या तीन जोड्या. त्यांनी झटके देत देत ती उजेडाकडं जात होती. नॉप्लियस म्हणतात या वयाच्या पिल्लाला. तुम्ही काय म्हणालात? "बेंदराचं खोंड दिसतंय. शिंगं तेवढी रंगवायची ऱ्हायलीत." आणि अर्धा तास मला डोळा लावू दिला नाहीत. माझं यंत्र, मी केलेलं, आणि मी रांगेत उभा!

थोड्या वेळानं त्यातल्या एकानं कात टाकली. तीही तुम्ही बघितलीत. मी लगेच संधी साधली. "शिंपली कात टाकती का, दाजी? सांगा की. कात कोण टाकतं? खेकडा. कोळंबी. ही तीच भावकी."

तुम्ही भिंगावरनं डोळा न हलवता म्हणालात, "बरं. असंल भावकी. पर वाटणीला येऊ देऊ नगंस म्हंजी झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मेलेली होती.

तळाला राखेसारखा थर. मी पेटीभोवती गोल गोल फिरत होतो. पाणी बरोबर, खारटपणा बरोबर, वल्हं बरोबर. मग काय? तुम्ही दात घासत आलात, पेटीकडं बघितलंत, आणि ब्रश तोंडातच ठेवून त्या तोटीकडं बोट दाखवलंत. माझ्या पितळी तोटीकडं! चिंच लावून अशी उजळली होती की तीत तोंड दिसावं. आट्यांना मेणाचासुद्धा आधार लागत नव्हता, एवढं नेटकं काम.

"कशाची हाय ती?"

"पितळंची. का?"

"पितळंत काय असतंय?"

"तांबं. आन् जस्त."

तुम्ही चूळ भरलीत आणि हसायला जे लागलात! "आरं गड्या, ही चिकटू नयेत म्हणून आमच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचा रंग मारत्यात! इखार असतंय त्यास्नी तांबं! आन् तू रातभर तांब्याच्या तोटीतनं पानी पाजलंस!" खोकला लागेपर्यंत हसलात. अक्कानं पाठीवर थापट्या मारल्या तरी हसत होतात. मला इतका राग आला होता, आणि तरी मीही हसत होतो. दुसऱ्या कुणाच्या हातनं ही चूक झाली असती का सांगा! प्लॅस्टिकची तोटी कुठंही मिळते. पण आपल्या पेटीला प्लॅस्टिकची तोटी बघायला माझं मन तयार नव्हतं.

"दिवाळी हुंदे," म्हणालात. "परत आणू पाव्हणं."

दिवाळी झाली. आणि मार्गशीर्षात एका सकाळी दाढी करायला बसलात ते उठलाच नाहीत. दाजी, हे काय वागणं झालं? माझ्याकडनं शब्द घेतलात आणि बघायला थांबला नाहीत! नेव्हीत चालतं का असं, ड्यूटी लागलेली असताना जागा सोडून जाणं? त्या दिवशी मेढ्याला येताना सबंध रस्ता मी तुमच्याशी हेच भांडत होतो. गाडी चालवणाऱ्याला वाटलं फोनवर बोलतोय.

वर्षश्राद्धानंतर अक्काला मी कुपवाडला घेऊन आलो. "चार दिस येती," म्हणाली, आणि टेम्पोत चढवायला निघाला तो तिचा दगडी पाटा. मी म्हणालो, "अक्का, मिक्सर हाय की आपल्याकडं." "मिक्सर तुला. पाटा मला." तो उतरवताना माझी कंबर धरली. चार दिवसांसाठी पाटा कोण आणतं?  राहिली ती. बरं झालं.

मग दुसरी खेप. एकटाच गेलो खाली, धोंडे आणले. तोटी प्लॅस्टिकची, बघा, बसवली एकदाची! या खेपेला खाणं नीट जमवलं. पिल्लांना समुद्रातलं अगदी सूक्ष्म शेवाळ लागतं, तपकिरी रंगाचं, ज्याच्या प्रत्येक कणाला काचेची डबी असते. ते बाटलीत वाढवायचं तर काच विरघळवून द्यायला पाहिजे. कुठनं आणायची? तर शेजारच्या फौंड्रीत वाळूचे साचे घट्ट करायला जे सिलिकेट वापरतात ते म्हणजे पातळ काचच की! एक थेंब ते, चिमूटभर युरिया, आणि बाटल्या उन्हात. आठवडाभरात पाणी चहाच्या रंगाचं झालं. दाजी, त्या दिवशी मी स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली असती, हात पुरता तर.

पिल्लं वाढली. एकेक कात टाकत शिंगांची पिल्लं मोठी झाली आणि शेवटी दाण्यांसारखी झाली. मी त्यांना बसायला पाट्या तयार ठेवल्या होत्या. पारदर्शक अॅक्रिलिकच्या, पॉलिश पेपरानं घासून, बफ मारून, आरशासारख्या. माझं सगळं आयुष्य ज्या फिनिशवर गेलं ती फिनिश! मी म्हटलं, यांच्या नशिबात असली जागा समुद्रात कुठनं येणार?

तुम्ही नव्हतात, म्हणून तुमच्या वाटणीचंही बघत होतो. या वयात ती चालतात, दाजी! पुढं दोन मिशांसारखे पाय, प्रत्येकाला तळवा. एक टेकवायचा, अंग ओढायचं, दुसरा टेकवायचा. तळव्याचा ओला ठसा मागं राहतो, आणि दुसरं कुणी तिथनं गेलं की त्याला कळतं, इथं आपल्यातला येऊन गेलाय. वळून बघायचं, परत फिरायचं, दबकायचं, उठायचं. आता एकच डोळा नाही, बाजूला आणखी दोन आलेले असतात. आणि माझ्या आरशावर प्रत्येक दाणा दोन-चार पावलं टाकायचा आणि निघून जायचा. दिवसेंदिवस. एकही टेकलं नाही. मग एकेक करून थकत गेली.

मला राग आला तो त्या फिनिशचा. संध्याकाळी ते खालनं आणलेले धोंडे उचलून बघत बसलो आणि जे समोर होतं ते तेव्हा दिसलं. धोंड्याचा गुळगुळीत भाग मोकळा. जिथं खड्डा, जिथं चीर, जिथं खरबरीत, तिथं दाटीवाटीनं बसलेली. ज्याच्यावर मी पोट भरलं, नाव केलं, ते गुळगुळीतपण यांना फुकटसुद्धा नको होतं! हसू आलं, दाजी. तुम्ही असतात तर परत खोकला लागला असता तुम्हाला.

तर या तिसऱ्या खेपेला, परत धोंडे आणून पिल्लं सोडवल्यावर, खरबरीत दगड पाहिजे होता. काळा, घट्ट, बारीक खड्ड्याखड्ड्यांचा. मी छिन्नीनं एक फरशी टोचून बघितली; तिचे कपचे उडाले. आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो, तर अक्का पाट्यावर लसणाची चटणी वाटत होती.

"काय बघतोस असा?"

"अक्का, पाटा देतीस का?"

"कशाला?"

"पेटीत बुडवायला."

तिनं वरवंटा उचलला. मारायला नाही, पण उचलला. "माझ्या संसाराचा पाटा त्या किड्यांच्या बोडक्यावर घालू? तुज्या दाजीनं दर वर्साला बसून टाकी लावलीया त्याला. टाकीवालीला कवा दारात हुबं केलं न्हाई."

मला माहीत होतं ते. दर उन्हाळ्यात अंगणात बसून, मांडीवर पोतं टाकून, गुळगुळीत झालेला पाटा टाकीनं, त्या टोकदार छिन्नीनं, टक टक टोचून परत खरबरीत करायचात. तुमच्या रांगा वाकड्या, दाजी. मला बघवायचं नाही. पण खड्डे खोल, पक्के.

 मी अक्काला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाशी नेलं. तेव्हा पिल्लं शिंगांची होती. तिनं डोळा लावला. बराच वेळ लावला.

"हेच त्यांनी बघितलं हुतं?"

"हेच."

"खोंडं म्हनलं हुतं ते ह्यास्नी. घरला आल्यावर चार दिस त्येच सांगत हुतं." मग पदरानं भिंग पुसायला निघाली, मी हात धरला. "आन् ती पाट्याबिगर बसायची न्हाईत?"

"सांगता येत न्हाई. पर बसली तर असल्याच जागी बसतील."

ती चुलीकडं गेली. उरलेली चटणी काढली, पाटा उभा केला आणि म्हणाली, "उचल तुझा तू. माझी कंबर दुखती."

लसणाचा वास जाईपर्यंत तो उकळत्या पाण्यानं धुतला, मग समुद्राच्या पाण्यात मुरत ठेवला. अक्का म्हणते, "थोडी ऱ्हाऊ दे की चटणी. तिखट निघतील पोरं." आता तो पेटीत उभा आहे. आणि सकाळपासनं दाणे त्याच्यावर फिरतायत. टेकतायत, उठतायत. अक्का स्टूल टाकून समोर बसलीय, चष्मा पुसून पुसून.

मघाशी म्हणाली, "स्थळ बघाय आल्यासारखंच करत्यात रं. घर बघत्यात, दार बघत्यात, शेजार कसा हाय बघत्यात, आन् मग कळवतो म्हणून जात्यात."

थांबतो. हाक मारतेय.

*

दाजी, बसलं!

तीन दिवस झाले वरच्या ओळीला. लिहायला वेळच नव्हता.

अक्कानंच बघितलं आधी. "सद्या, हितं एक डोकं टेकून ऱ्हायलंय. मघापासनं उठंना." मी म्हटलं, दमलं असेल. ड्रॉपरनं पाण्याचा झोत हळूच मारला. बाकीचे दाणे भिरभिरत गेले. हे हललं नाही. परत मारला, जोरात. नाही! डोकं खाली, दगडाला, पक्कं. कुठं सांगू? तुमच्या टाकीच्या खड्ड्यात, दाजी. खालनं दुसऱ्या रांगेत, जिथं तुमची रांग सगळ्यात जास्त वाकडी गेलीय, तिथं.

मी आयुष्यभर एक दोराभर फरक चालू देत नाही आणि जन्माचं काम जमलं ते तुमच्या वाकड्या रांगेत! चिडू की हसू? हसलोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर दोन झडपांचं ते कवच सुटून गेलेलं. बाजूचे ते दोन नवे डोळेही त्यानं कवचाबरोबरच टाकून दिलेले. आता कुठं जायचं नाही म्हटल्यावर काय करायचेत? खाली उरली होती साबुदाण्याच्या तुकड्यासारखी एक पारदर्शक टिकली. आणि संध्याकाळी ती टिकली मधोमध उघडली आणि तिच्यातनं पायांचा पिसारा बाहेर आला. एकदा, दोनदा. पाणी चाळून खाणं आत ओढणारा. डोक्यावर उभं राहून पायांनी जेवणारं ते पोर, कुपवाडमध्ये! पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी ग्राइंडर किंचाळत असताना.

तुम्ही खरवडलेल्या प्रत्येकानं हेच केलं असणार, दाजी. एवढं फिरून, एवढं पारखून बसलेलं. उगाच नाही निघता निघत नव्हती.

अक्का फौंड्रीच्या फाटकात जाऊन ओरडली, "आमच्यात पोरं झाली!" ते सगळे मातीच्या हातांनी धावत आले. त्यांचा फोरमन माझ्याकडं आणि अक्काकडं आळीपाळीनं बघत, "कुणाला झाली?" अक्कानं त्याला सूक्ष्मदर्शकाशी नेऊन उभं केलं. मग रांग लागली. साजूक तुपातला शिरा केला तिनं आणि तो वाटत फिरली. तुमच्यामागं तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता त्या खड्ड्याशेजारच्या खड्ड्यांत आणखी बसलीत. पहिल्याच्या ओढीनं आली ती. मोजत नाही, अक्का म्हणते, लेकरं मोजू नयेत.

म्हणजे तो पाटा काही आता स्वयंपाकघरात परत जायचा नाही. तर शब्द देतो, दाजी, आणि याला तुमची 'करून दाखव'ची अट नको. अक्काला नवा पाटा आणलाय, मिरजेच्या बाजारातनं, मी पाठीवर उचलून. त्याला दर उन्हाळ्यात टाकी मी लावीन. अंगणात बसून, मांडीवर पोतं टाकून, माझ्या हातानं. टाकीवालीला दारात उभं करणार नाही. आणि अक्का आहे तोवर तिची चटणी खरबरीत पाट्यावरच वाटली जाईल. रांगा मात्र सरळ असतील, ते मला सोडवणार नाही.

तुमचाच मेव्हणा,
सदाशिव

ता. क. : परवा महाबळेश्वरच्या वाटेवर हॉटेल बांधणारा एक माणूस येऊन गेला. फौंड्रीतल्या कुणीतरी सांगितलं असणार. दिवाणखान्यात ठेवायला त्याला सगळंच पाहिजे होतं : पेटी, वल्हं, सूक्ष्मदर्शक आणि पोरांसकट पाटा. आधी दीड लाख म्हणाला. मी गप्प होतो, पिसारा बाहेर यायची वेळ झाली होती म्हणून. त्याला वाटलं मी घासाघीस करतोय. तो आपणहून चढत गेला. अक्कानं चहा आणला, तोपर्यंत त्याचा आकडा थांबला होता. मी नाही म्हटलं आणि फाटकापर्यंत सोडून आलो. आकडा नीट लिहून ठेवतो, तिकडं चारचौघांत सांगताना तुम्ही कमी सांगाल म्हणून : तीन लाख पंधरा हजार.